हळदीच्या कढईतले जबडे

वनचौकी, आखाडा बाळापूरजवळ
१० मार्च १९९९

आक्का आणि दाजींना भीमराजचा मनापासून जयभीम. आकांक्षाला पापा.

दाजींचा गुडघा कसा आहे? तुझी खोकल्याची तकलीफ गेली का? मी इथं मजेत. चौकीत दोन खोल्या आहेत, एकीत मी, दुसरीत पाल. (ती माझ्याआधीपासून इथं आहे, म्हणून मी तिला अहोजाहो करतो.)

सध्या मी हाडं मोजून राहिलो. हसू नको. शेतकरी म्हणतात रोही (नीलगाय म्हण) फार झाले, हरभरा ठेवत नाहीत. साहेब म्हणतात कमी होऊन राहिले. खरं कोणाचं, हे मेलेल्या रोह्यानं सांगायचं. मेलेला रोही सापडला की त्याचा खालचा जबडा आणायचा, लांबी मोजायची, दात किती झिजले ते बघून वहीत लिहायचं. त्यावरून वय कळतं (जिवंतपणी कोणी विचारलं नाही) आणि पुष्कळ जबडे जमले की कळप वाढून राहिला का घटून, त्याचा अंदाज लागतो. माझे एकेचाळीस झाले. एवढी तोंडं समोर असतात, पण दिवसभर बोलावं मलाच लागतं.

आता मोजायच्या आधी जबडे शिजवून साफ करावे लागतात. माझ्या पातेल्यात एकसुद्धा मावेना. शेजारच्या मळ्यात माणिकरावांनी हळद शिजवून कढई पालथी घातली होती, ती मागितली. काहून पाहिजे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जबडे निघाले पिवळेधम्मक, हळद लागलेल्या नवरदेवासारखे. साहेबांनी लेखी विचारलं, ही कोणती नवीन जात? खुलाशात दोन पानं गेली. माणिकरावांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, कढई मलाच देऊन टाकली. (अर्ध्या गावाची खिचडी होईल तीत, पण जेवायला कोण येतं?) सांजच्याला चहाला चार माणसं यायची, तीही बंद झाली.

आणि बाबा आले ते नेमके जबडे शिजवले त्याच दिवशी. अंगणात जबडे वाळून राहिले होते. बाबा उभेच राहिले. तुला ठाऊक आहे, छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि बाबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं पाणी तोडलं, तरी परत हात लावला नाही. अन त्यांचं पोरगं सरकारी वर्दीत हाडं शिजवून राहिलं. "ह्याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?" एवढंच म्हणाले. मी वही आणायला आत गेलो, तोवर पाण्याचा घोटही न घेता ते परत तुझ्याकडं यायला वसमतच्या बसच्या वाटेला लागले होते. मला फार लागलं, आक्का.

बाकी सर्व ठीक.

तुझा भाऊ
भीमराज

ता. क. : हे पत्र बाबांसमोर वाचू नको.

ता. क. २ : वाच. कढईचं तेवढं गाळ. कंडक्टर उत्तमसिंगच्या हाती पत्रासोबत मापाची वही दिली आहे, ती बाबांच्या हातात दे. त्यांना वाचता येत नाही, आकांक्षा वाचून दाखवील. तपासणीत साहेबांची दोन मापं चुकली, माझं एकही नाही, हे बराबर सांग.

ता. क. ३ : वही मला सोमवारी ऑफिसात द्यायची आहे. रविवारी ती बाबांच्याच हाती पाठव, दुसऱ्या कोणाकडं देऊ नको. त्यांना बसमध्ये बसवून दे. मी इथं स्टँडवर असतो. बाबा गेल्यापासूनचे तिन्ही रविवार होतोच.