कॉन्टेसा कुणाच्या नावावर

२१ सप्टेंबर
गाडी येऊन आठ दिवस झाले. अजून नुसती बघतेय. सास्तूरहून नळदुर्गपर्यंत ट्रॅक्टरमागं साखळीनं ओढत आणली, तेव्हा रस्त्यातली माणसं हसत होती. हसणाऱ्यांत माझे दोन्ही भाऊ. धाकटा बसू म्हणाला, "अक्का, एवढ्या जमिनीवरचा हक्क सोडलीस आन् मागितलंस काय तर भंगार."

लोहाऱ्याला हक्कसोडपत्रावर सह्या झाल्यावर थोरल्या अण्णानं रीतीप्रमाणं विचारलं होतं, साडी कसली घेऊ? म्हटलं, साडी राहू दे, शेडमधली अप्पांची कॉन्टेसा दे. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग अण्णा म्हणाला, "ने."

हे म्हणतात, "हायवेवर ट्रक खोळंबलेत. म्या ह्या गाडीला हात लावणार न्हाय, आधीच सांगतो." नका लावू. तीस वर्षं तुमच्या गॅरेजात पार्टचं काउंटर सांभाळलंय. कुठलाही पार्ट डोळे मिटून, हातात घेऊन ओळखीन. बसवलेला मात्र एकही नाही, हे खरं.

२४ सप्टेंबर
घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमधलं सगळं सामान बाहेर, गाडी आत. सीटा काढल्या. उंदरांचा संसार. गालिच्याखाली तुरीचे दाणे. अप्पांची अडत होती, तूर कुठूनही निघायची, त्यांच्या सदऱ्याच्या खिशातूनसुद्धा.

तेव्हा सास्तूरहून सोलापूरला जीपला अडीच तास लागायचे. अप्पा दीड तासात. अव्वा मागं बसून पूर्ण रस्ता शिवशिव करायची. पाचवा गिअर असलेली गाडी तालुक्यात दुसरी नव्हती. असं निदान अप्पा सांगायचे.

२७ सप्टेंबर
इंजिन जाम. आठ वर्षं उभी, अप्पांना नीट दिसेना झालं तेव्हापासून. चारी प्लग काढून भोकांत डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं. आता वाट बघणं. पाना लावून बघितला, तसूभर हलत नाही. मी चिडून पान्यालाच बोलले.

३० सप्टेंबर
डेंटिंगवाले रफीकभाई गाडीखाली झोपून बघून आले. बाहेर येऊन बराच वेळ हात पुसत राहिले. "भाभी, बाकी सब ठीक है. पुढचा क्रॉस मेंबर गेला. डावीकडून बिलकुल पापड."

गाडी छपराखाली होती, मग एकाच जागी एवढा गंज कसा? मग आठवलं. दर दसऱ्याला अप्पा बॉनेटवर विभूतीची तीन बोटं ओढायचे आणि नारळ फोडायचे तो डावीकडंच, बंपरखालच्या त्याच आडव्या लोखंडावर. पाणी सगळं आत. अप्पा गेल्यावर दोन वर्षं अण्णानंही तिथंच फोडला, बंद गाडीवर. रफीकभाईंना हे सांगितलं तर पोट धरून हसले. "इतनी इबादत लोखंड को झेपती नहीं, भाभी."

पॅच मारायचा नाही, तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा ठरलं.

२ ऑक्टो., दसरा
पूजा केली. नारळ शेडबाहेरच्या दगडावर फोडला. अण्णाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "दगडावर? मग गाडीला काय मिळालं?"
काही नाही मिळालं, तेच तिला पाहिजे होतं. हे मनातल्या मनात. अण्णाला गाडीवरून चिडवता येत नाही.

९ ऑक्टो.
फिरलं! दु. तीन वाजता. लांब दांडा लावला, दोन्ही पाय रोवले, आणि आधी वाटलं मीच घसरले. पण पुली फिरली होती. एकटीच शेडमध्ये उभी राहून रडले. कशाला ते माहीत नाही.

एक गोष्ट. मी ओतलेलं ऑइल एवढ्या दिवसांत खाली उतरायला हवं होतं. उलट काठोकाठ होतं. म्हणजे सकाळी गॅरेजला जाण्याआधी कुणीतरी रोज थोडं थोडं ओतत होतं. घरात आम्ही दोघंच. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी केली, त्यांना आवडते तशी, तिखट.

१४ ऑक्टो.
आरटीओचं काम करणारा एजंट कागद बघून गेला. आर.सी. अजून अप्पांच्या नावावर. माझ्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागणार. अव्वा अप्पांच्या आधीच गेली. राहिले दोन भाऊ, दोन सह्या. त्याशिवाय गाडी कितीही नवी केली तरी रस्त्यावर ती माझी नाही.

चूक माझीच. गाडी आणली, कागद आणला नाही. काउंटरवर गिऱ्हाइकाला रोज सांगते, आधी बिल घ्या.

बसूला फोन. तो म्हणाला, "अण्णा करल तर म्या करतो." लहानपणापासून हेच.

२३ ऑक्टो., भाऊबीज
ओवाळून झाल्यावर विषय काढला, प्रतिज्ञापत्राचा कागदही अण्णाच्या हातात दिला. अण्णा म्हणाला, "बघू." ताटात साडी टाकली. चांगली आहे, जांभळी. तोंड कडू झालं ते झालंच.

लोहाऱ्याला मी किती ठिकाणी सह्या केल्या? कारकून पान उलटायचा, बोट ठेवायचा, मी सही करायची. एक ओळ वाचली नाही. दहा मिनिटांत सगळं शिवार सुटलं. आणि ह्याला एका सहीला बघावं लागतंय.

१६ नोव्हें.
क्रॉस मेंबर बसला. ब्रेकची किट बसली (मी, एकटीनं, दोनदा उलटी बसवून मग सुलटी). कार्बोरेटर तीनदा खोलला, जेटमध्ये केसाएवढा कचरा. आज बाटलीनं पेट्रोल पाजून स्टार्टर मारला. खोकली, थांबली, खोकली, आणि लागली. जुना आवाज. तो आवाज ऐकून अव्वा भाकरी थापायला बसायची.

हे दारात उभे होते. म्हणाले, "टॅपेट वाजतोय." एवढाच दोष काढला, म्हणजे शाबासकी.

७ डिसें.
लर्निंग काढलंय. मागच्या माळावर हे शेजारी बसून शिकवतात आणि शिकवताना जे बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. अप्पांनी अण्णाला शिकवलं, बसूला सीटवर पोतं ठेवून शिकवलं. मी मागं बसलेली असायचे. मला शिकवायचं कुणाच्या मनातच आलं नाही, माझ्यासुद्धा. त्याचं आता वाईट वाटतं.

१९ डिसें., येळवस (वेळ अमावस्या)
सगळं सास्तूर रानात. कडब्याची कोप, आत पूजेला पाच दगडांचे पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, मडक्यात आंबील. दर वर्षी येते. या वर्षी पहिल्यांदाच बांधावरून आत पाय टाकताना पाहुणी झाल्यासारखं वाटलं. वहिनीनं आग्रह करकरून वाढलं. ती नेहमीच करते, पण आज तो आग्रह मला टोचला.

जेवणानंतर अण्णा बोरीखाली पडला होता, तिथं गेले. येताना एस.टी.त सगळं बोलणं तयार केलं होतं, चांगलं धारदार. म्हटलं, सहीचं काय?
"तुला गाडी न्हाय म्हणलो का म्या? ने म्हणलो, नेलीस."
"मग कागदाला काय होतंय?"
तो उठून बसला. मग म्हणाला, "सातबारा झाला. घर झालं. लाइटचं मीटर झालं, अडतीचं लायसन झालं. सगळीकडनं अप्पांचं नाव काढलं. म्याच काढलं, माझ्या हातानं अर्ज लिहून. आता तेवढ्या गाडीच्या पुस्तकावर राहिलंय, महादेवी."

अण्णा मला महादेवी कधी म्हणत नाही. माझं तयार केलेलं बोलणं सगळं वाया गेलं.

२१ डिसें.
अण्णाचा राग येत नाही, याचाच राग येतोय. लोभी असता तर भांडता आलं असतं.

पण माझं काय? माझं नाव कशावर आहे ते आज घरात शोधत बसले. घर ह्यांच्या नावावर, गॅरेज ह्यांच्या नावावर. स्कूटी पुण्याला असलेल्या आमच्या मुलाच्या. बँकेत आहे, दुसरं. रेशन कार्डावर आहे, पण ते खाणाऱ्यांच्या यादीत. बावन्न वर्षांची झाले आणि माझी म्हणून दाखवावी अशी एक वस्तू कागदावर नाही. मला ही गाडी पाहिजे. कागदासकट पाहिजे. कुणाला वाईट वाटलं तरी पाहिजे. लिहून टाकलं, बरं वाटलं.

११ जाने.
अण्णा आला. न सांगता, बसूच्या मोटारसायकलवर. रंग अजून व्हायचाय, अंगावर सगळीकडं राखाडी प्रायमर, तरी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. क्रॉस मेंबरखाली वाकून बघितलं. मग सवयीनं उजव्या दाराकडं गेला. तिथं मी बसलेली. वळसा घालून डावीकडून आत आला.

माळावर नेलं. दुसरा, तिसरा. चौथा टाकायला जागा नाही. अण्णा समोर बघत म्हणाला, "क्लच सोडतीस अप्पावानी." मागच्या सीटवरून बघून बघून तेवढं आलं असेल.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावात कुणी छताखाली झोपत नव्हतं. आम्ही तिघं भावंडं कित्येक दिवस ह्याच गाडीत झोपलो. मागं मी आणि बसू, अण्णा पुढच्या सीटवर, ताठ. तो झोपायचा नाही, आम्ही झोपलोय का बघायचा. आज त्या रात्रींची आठवण निघाली नाही, पण दोघांनाही होती. गाडी थांबवल्यावर तो मान वळवून मागची रिकामी सीट बघत राहिला.

मग खिशातून प्रतिज्ञापत्र काढलं. घड्या पडून पडून मऊ झालेलं. बसूची सही झालेली, अण्णाची जागा कोरी.
"करतो सही. पर नाव माहेरचं लाव. महादेवी शिवलिंगप्पा. मधी अप्पा राहतेत."
म्हटलं, "आधारवर ह्यांचं नाव हाय."
"बदलता येतंय. एजंटाला इचारून आलोय."
कागद डॅशबोर्डवर ठेवून गेला. चहा पण घेतला नाही.

१२ जाने.
ह्यांना सांगितलं. जेवत होते. "गाडी तुझ्या अप्पांची, नाव तू ठरव. मला कशाला इचारतीस?" अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. दुपारी बघते तर शेडमध्ये चाकाचे नट आवळतायत. ते मी कालच आवळले होते.
माझ्याकडं न बघता म्हणाले, "एवढी वर्षं माझं नाव लावलीस. कधी जड झालं व्हय?"
नाही म्हटलं. खरंच नाही झालं.

१५ जाने.
दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. काल तीळगूळ दिला, घेतला.

अण्णानं चार-पाच कागदांवरून अप्पांचं नाव काढलं, तर शेवटच्याला त्याचा हात उचलत नाही. माझ्या नावातूनही ते एकदा निघालं होतं. लग्न झालं, रेशन कार्ड आलं, त्यावर बदललेलंच होतं. कुणी विचारलं नाही. कुणाला वाईट वाटलं नाही. अप्पांना वाटलं असेल का? मला वाटलं होतं का, हे आठवायचा प्रयत्न करतेय. आठवत नाही, आणि तेच फार लागतंय.

१८ जाने.
सकाळी फॉर्म भरायला घेतला. नावाच्या रकान्यात 'महादेवी' लिहिलं. पुढं लिहिलं नाही.

दुपारी अण्णाचा फोन. "काय ठरलं?"
म्हटलं, "अण्णा, लोहाऱ्याला म्या सह्या केल्या, तवा तुला इचारलं न्हाय की जमिनीला कुणाचं नाव लावणार हाईस. तू बी तशीच सही कर. मग नाव म्या लावीन ते."
आवाज चढला नाही माझा.

मागं वहिनी कोंबड्यांना हाकलत होती, ते ऐकू येत होतं. त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.