हिरव्या चौकटीचा कागद

त्राव्निक, १७ नोव्हेंबर २०१३

प्रिय दामीर,

तू, मिर्याना आणि मुली ठीक असाल असं धरून चालते. गोथेनबर्गला आमच्याहून जास्त थंडी असेल. इथं लाकडं भरून झाली, कोबी आंबवायला पिंपात घातला. माझे गुडघे नेहमीचेच.

गेल्या महिन्यात जनगणना झाली. घरी आलेली मुलगी बाबांना म्हणाली, "आजोबा, काय लिहू? बोस्नियाक, सर्ब की क्रोएट?"

"नुसता बोस्नियन लिही, या देशाचा."

"मग तुम्ही 'इतर'मध्ये जाल."

"जातो की! अठ्ठ्याहत्तर वर्षं इथंच राहिलो आणि शेवटी इतर झालो," म्हणाले, आणि हसता हसता खोकायला लागले.

तो खोकला पुढं थांबलाच नाही. बाबा गेले, दामीर. या महिन्याच्या पाच तारखेला सकाळी. दुसऱ्या दिवशी दफनही झालं. तू पोचला नसतास म्हणून फोन केला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ती सबब आहे. अकरा वर्षं तू त्यांच्याशी बोलला नव्हतास. फोनवर नुसता गप्प राहिला असतास तर मला ते झेपलं नसतं.

त्यांना आईशेजारी ठेवलंय, वर मशिदीच्या कबरस्तानात. ख्रिस्ती माणसाला तिथं जागा कशी मिळाली, ते सांगते.

इमाम नवीन आहे, तरुण, बाहेरगावचा. त्यानं विचारलं, "तुमच्या वडलांनी, अँतो यांनी, कलमा म्हटला होता का?" मी म्हटलं, काल संध्याकाळी. "कुणी ऐकला?" शेजारी बसलेले इब्रोकाका म्हणाले, "मी ऐकला."

इब्रोकाका त्या संध्याकाळी आमच्याकडे फिरकलेसुद्धा नव्हते. चाळीस वर्षं बाबांशी बुद्धिबळ खेळताना ज्यानं कधी एक प्यादं इकडचं तिकडं केलं नाही, तो माणूस इमामासमोर धडधडीत खोटं बोलला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, त्याला तुझ्या आईजवळ, रसेमाजवळच निजायचं होतं ना? मग झालं तर. अल्ला माझं काय ते बघून घेईल."

मी "हो" म्हटलं.

मग मृत्यूची खबर देणारा, गावभर लावायचा कागद छापायला गेले. छापणाऱ्यानं न बघताच विचारलं, "हिरवी चौकट, काळी की निळी?" मी मुसलमानांची, हिरवी सांगितली. तेव्हा त्यानं मान वर केली. "आपल्या अँतोचा? आणि हिरवा?"

"त्यांचाच. लवकर छाप."

बेकरीच्या दारावर, बसथांब्यावर, चौकातल्या झाडांवर मीच कागद लावले. लोक थांबून वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढं जायचे. बायका दफनाला जात नाहीत, म्हणून बाबा टेकडी चढताना मी खिडकीतूनच पाहिले. खांदा द्यायला पुष्कळ लोक होते. आपल्या घरचं कुणी नव्हतं.

आत्याला कुणीतरी कागदाचा फोटो पाठवला. फोनवर ओरडली, "मेल्यावर माझ्या भावाला बाटवलंस!" मीही सोडलं नाही. म्हटलं, "माझ्या आईला तू कधी उंबरा ओलांडू दिला नाहीस, तेव्हा कुठं होती ही माया?" बोलून बरं वाटलं. तासाभरानं तेही वाटेना.

कलमा खोटा होता, हे तू केव्हाच ओळखलं असशील. पुढचं मात्र इब्रोकाकांनाही ठाऊक नाही. चार तारखेला दुपारी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "मठातल्या पाद्र्याला बोलाव." मी म्हटलं, "बोलावते." स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली आणि एकटीच बसून प्यायले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आला का गं?" मी म्हटलं, "रस्त्यावर बर्फ आहे, उद्या येईल."

बर्फ पडलाच नव्हता.

पाद्री आला असता तर बाबा आत्याच्या गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात गेले असते आणि आई इथं एकटी राहिली असती. आईनं काही माझ्याकडून वचन घेतलं नव्हतं. मलाच ती दोघं एका ठिकाणी हवी होती. ती वेगळी झाली की मी कुणाची, ते ठरवावं लागलं असतं. पन्नाशी उलटली तरी दर चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, तू आमची की त्यांची? थकले रे मी.

आईच्या दफनाच्या दिवशी बाबा तुला म्हणाले होते, गळ्यातला क्रूस शर्टाच्या आत घाल. तुला वाटलं, त्यांना त्याची लाज वाटते, आणि तू तसाच निघून गेलास. त्यांना लाज वाटत नव्हती, दामीर. आईच्या माणसांचं मन राखायचं होतं, एवढंच. शेवटी त्यांनी काय मागितलं, ते तुला कळायलाच हवं. म्हणून हे पत्र.

एक काम कर. तिथल्या तुझ्या चर्चमध्ये त्यांच्या नावानं प्रार्थना म्हणवून घे. इथं मी मठात गेले तर इब्रोकाका गावभर खोटे ठरतील. पाद्र्यानं विचारलं तर एवढंच सांग, की त्यांनी बोलावलं होतं.

तुझ्याकडे माफी मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची, ते रात्रभर दाराकडे बघत होते.

तुझी बहीण,
सेन्का