नॉ लिंग, म्हणजे आपली भाषा

रुबेनदादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू ते आईला दाखवशील, आणि ती तुझीच बाजू घेईल.

तुझ्या बाळासाठी ती कोर्लईहून जर्मनीत कोलोनला आली. तू बजावलंस, "बाळाशी मराठीत बोल, नॉ लिंग नको. पोरगं गोंधळेल." तेही मी समजून घेतलं. पण ऑफिसात तू 'आम्ही मूळचे पोर्तुगीज' म्हणून मिरवतोस, आणि बाप्तिस्म्याच्या जेवणात त्या लिस्बनच्या पाहुण्यापुढे तिला उभं करून म्हणालास, "आई, बोल ना पोर्तुगीज!" ती बिचारी आपली नॉ लिंगच बोलली. तो हसला, "किती गोड! लहान मुलासारखं, मोडकंतोडकं." आणि तू जर्मनमध्ये मान डोलावलीस, "गेनाऊ!" अगदी बरोबर!

त्याचं सोड, त्याला ठाऊक नव्हतं. तुला होतं. दादा, हे मोडकं पोर्तुगीज नाही; दोन भाषांच्या मिसळणीतून जन्मलेल्या अशा नव्या भाषेला क्रिओल म्हणतात. किल्ल्यावरचे पोर्तुगीज शिपाई आणि आपल्या गावच्या बाया, यांच्या लेकरांनी ही भाषा घडवली. शिपाई कधीच निघून गेले. भाषा आयांनी चुलीपाशी सांभाळली. तुला मात्र पोर्तुगीज आजोबा हवेत, कोर्लईची आजी नको.

आई आता डार्मश्टाटला माझ्याकडे आहे. काल तिने विचारलं, "जेवलीस का गं?" मराठीत. घरात आम्ही एकमेकींशी मराठीत कधीच बोललो नव्हतो. मी आपल्या भाषेत उत्तर दिलं, तर तिने उठून खिडकी लावली.

"हळू बोल," म्हणाली, "लोक हसतील."

तुझीच, पण कोर्लईची,
फिलोमिना