पुढच्या तीन बाकांखालची तार

३ फेब्रुवारी, रविवार

शून्य!

तीनदा मोजलं. पहिल्या बाकापाशी शून्य, दुसऱ्यापाशी शून्य, तिसऱ्यापाशीही. मीटर बिघडलंय की काय म्हणून घरी आणून तपासलं. मीटर ठीक आहे.

नीट लिहून ठेवते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी चर्चच्या पुढच्या तीन बाकांखालून एक तार फिरवलेली आहे. पाळकबाईंच्या माइकमधला आवाज त्या तारेतून थेट कानातल्या मशीनमध्ये जातो. मशीनचं बटण 'टी'वर ठेवायचं, बस्स. 'टी'वर ठेवलं की बाहेरचे सगळे आवाज बंद, फक्त तारेतला ऐकू येतो; नाही ठेवलं तर चर्चभरचा नुसता घुमारा. आणि तार मेलेली असेल तर? तर काहीच नाही.

पंचकमिटीने मला माइक बदलायला बोलावलं होतं. मी जहाजांच्या इंजिनखोल्यांमधला आवाज मोजते — "मग चर्चचाही मोजेल की!" तारेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या तीन बाकांवर अकरा जण बसतात. अकराही जणांच्या कानात मशीन. आज प्रवचनभर अकराही जण माना हलवत होते.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कामावरून लवकर सुटून चर्चमध्ये गेले. तारेचा अँप्लिफायर कपाटात, मेणबत्त्यांच्या खोक्यामागे. त्याचा बिघाडाचा लाल दिवा पेटलेला — वर काळी चिकटपट्टी! पट्टी जुनी आहे, कडांना धूळ बसलीय.

मधल्या वाटेवरच्या गालिच्याची पितळी पट्टी उचकटली. चौथा स्क्रू सरळ तारेत घुसलाय. फोटो काढला. तार साडेचार मिलिमीटर, स्क्रू पाच. याहून नेमका नेम धरून मारता आला नसता.

गालिचा ओड्डवारने घातलाय. घंटा वाजवण्यापासून बर्फ उपसण्यापर्यंत चर्चचं सगळं तोच बघतो. कामाच्या वहीत त्याच्या अक्षरात तारीख आहे — सिनोव्हेबाई पाळक म्हणून रुजू झाल्या त्याच्या आदल्या आठवड्याची.

म्हणजे नऊ वर्षं. त्यांचं पहिलं प्रवचनसुद्धा त्या अकरा जणांनी ऐकलेलं नाही.

७ फेब्रुवारी, गुरुवार

सिनोव्हेबाईंबरोबर नेहमीप्रमाणे धरणापर्यंत चालून आले. वाट बर्फाने गुळगुळीत. मी स्क्रूबद्दल बोलायच्या बेतात होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या,

"ट्रॉन्डहाइमला एक जागा निघालीय. इस्पितळातली पाळक. अर्जाची शेवटची तारीख एक मार्च."

मी विचारलं, का?

"नऊ वर्षं झाली, ईडुन. इतक्या वर्षांत कुणी एकदा तरी म्हणावं — बाई, आज तुझं चुकलं. किंवा बरं बोललीस. किंवा काहीही! माना हलवतात, कॉफी पितात, घरी जातात. इस्पितळातली माणसं निदान भांडतील तरी."

मग थांबून म्हणाल्या, "तुझं काय मत?"

"माझं काही मत नाही," मी म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतरच्या सोमवारी ही बाई आमच्या दाराशी आली आणि चालायला जायचं का, एवढंच विचारलं. पहिले चार गुरुवार एक शब्द बोलली नाही. इथे परत आल्यापासून मी कुणाशी बोलत असेन तर तिच्याशी. आणि माझं काही मत नाही!

९ फेब्रुवारी, शनिवार

मत आहे. मांडता येत नाही.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

बायकांचं विणकाम-मंडळ दर मंगळवारी चर्चच्या सभाघरात जमतं. मंडळाची मुख्य बोर्गहिल्ड, वय शहाऐंशी, पहिल्या बाकावरची पहिली. तिच्यासमोर बसले आणि मोठ्याने विचारलं, "चर्चमध्ये तुम्हाला ऐकू येतं का?"

विणणाऱ्या सगळ्या सुया थांबल्या.

"ओरडू नकोस, मी बहिरी नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "नाही येत."

"कधीपासून?"

"गालिचा आला तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही कुणी?"

"कुणाला सांगायचं? ओड्डवारला? त्याची तुरीद त्या वर्षी इस्पितळात होती. रात्रभर तिच्या उशाशी बसायचा आणि दिवसा येऊन गालिचा ठोकायचा. त्याला म्हणायचं, अरे बाबा, तू तार फोडलीस? दुसऱ्या वर्षी तुरीद गेली. तिसऱ्या वर्षी सांगायचं, तर दोन वर्षं गप्प का बसलात ते सांगावं लागलं असतं. तुझ्या वयाला हे कळायचं नाही."

खिडकीपाशी लेइडुल्फ होता. विणत नाही, केकसाठी येतो. म्हणाला, "मला तर ते आवडतं! आठवड्यातला सगळ्यात शांत तास. घरी बायको आहे, रेडिओ आहे, कुत्रा आहे."

"आणि उभं कधी राहायचं ते कसं कळतं?"

"बोर्गहिल्ड उठली की आम्ही उठतो."

"आणि बोर्गहिल्डला?"

"पाळकबाईंनी पुस्तक मिटलं की मी उठते," बोर्गहिल्ड म्हणाली. "एकदा तिने शिंक आली म्हणून मिटलं होतं. अकरा जण उभे!"

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, पण त्यांनी पाहिलं नसावं.

निघताना बोर्गहिल्डने माझी बाही धरली. "तार जोड. चांगलंच आहे. पण ती कशाने तुटली ते लिहू नकोस. उंदराने कुरतडली म्हण."

"उंदीर स्क्रू लावत नाहीत."

"शिकलेली पोर ना तू? मग शोध काहीतरी. माणसाची लाज राहू दे."

ईस्टरला ओड्डवार निवृत्त होतोय. त्याच्यासाठीच म्हणत असणार.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सिनोव्हेबाईंना सर्दी. चालणं नाही.

रिपोर्टचे तीन मसुदे केले. पहिला — 'गालिच्याच्या पट्टीचा स्क्रू तारेत गेल्याने'. खरा आहे. दुसरा — 'यांत्रिक इजा, कारण अनिश्चित'. खोटा आहे. तिसरा — 'यांत्रिक इजा'. खोटा नाही, पण भित्रा आहे. नोकरीच्या चार वर्षांत मी एकदाही माहीत असलेली गोष्ट गाळलेली नाही.

पण खरं लिहिलं तर सिनोव्हेबाईंना कळेल की गाव मुकं नाही, फक्त त्यांचा आवाज पोचलेला नाही. मग कदाचित थांबतील. न लिहिलं तर ओड्डवार सुखाने घरी जाईल आणि त्या ट्रॉन्डहाइमला.

१७ फेब्रुवारी, रविवार

मागच्या बाकावरून मुद्दाम पाहिलं. प्रवचन देवावर रागावता येतं का, यावर. चौदा मिनिटं. चांगलं होतं — फार चांगलं! पुढे अकरा माना संथ हलत होत्या, लाटेवरच्या होड्यांसारख्या.

२० फेब्रुवारी, बुधवार

तार जोडली. गुडघ्यांवर बसून दोन तास. निम्मं काम झालं असेल तेव्हा शेजारी कुणीतरी बॅटरी धरली. ओड्डवार. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"माझाच स्क्रू तो," म्हणाला.

मी सोल्डरिंगची सळई खाली ठेवली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिव्यावर पट्टी कोणी लावली असेल?"

"मग दुरुस्त का नाही केलं?"

त्याने बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. "रिपोर्टात माझं नाव घाल खुशाल. मी लपवलेलं नाही काही."

लाल दिव्यावर पट्टी लावतो आणि म्हणे लपवलेलं नाही! पण भांडावंसं वाटलं नाही. जोड दिला, मोजलं. मीटरवर चारशे वीस. चारशे पुरतात.

जाताना तो म्हणाला, "व्यवस्थित केलंस. तुझ्या बापासारखं."

रिपोर्ट लिहिला. पहिला मसुदा, जसाच्या तसा.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

धरणाच्या वाटेवर रिपोर्ट त्यांच्या हातात दिला. हातमोजे काढून त्यांनी पूर्ण वाचला. मला वाटलं होतं, हसतील. निदान सुटल्यासारखं वाटेल त्यांना. पण चेहरा उतरला.

"म्हणजे आता चालू आहे?"

"हो."

"या रविवारी त्यांना ऐकू येईल? सगळ्यांना?"

"येईल. बघा ना, माणसं गप्प होती ती यामुळे. तुमच्यामुळे नाही."

त्यांनी कागदाची बारीक घडी घातली, खिशात ठेवली आणि त्या अर्ध्या वाटेवरून मागे फिरल्या. असं कधी झालं नव्हतं. मी मागून म्हणाले —

"तुम्ही जाऊ नये, असं माझं मत आहे."

वारा होता. ऐकलं की नाही, माहीत नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

सगळं बिघडलं.

अकरा जण 'टी'वर. तार उत्तम चाललेली. मी मीटर मांडीवर घेऊन चौथ्या बाकावर. घंटा झाली, गीत झालं, त्या व्यासपीठावर चढल्या आणि पहिल्याच शब्दाला अकरा पाठी एकदम ताठ झाल्या. माना हलणं बंद.

ते त्यांनी पाहिलं. मग पुढचं सगळं नुसतं कागदावरून वाचलं. कोरडं, घाईघाईने, मान वर न करता. सहा मिनिटांत आमेन.

कॉफीच्या वेळी लेइडुल्फ शेजारच्याला म्हणाला — बहिऱ्या माणसाचं हळू म्हणजे काय, सगळ्या खोलीने ऐकलं —

"एवढंच? नऊ वर्षं आपण एवढ्यालाच मुकलो होय?"

बोर्गहिल्डने त्याच्या पायावर काठी आपटली. "वॉफल खा आणि तोंड बंद ठेव!"

सिनोव्हेबाई किटली घेऊन दारात उभ्या होत्या. किटली टेबलावर ठेवली, कोट घेतला, गेल्या.

मीच जोडली ना ती तार.

२५ फेब्रुवारी, सोमवार

फोन केला. उचलला नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

धरणापर्यंत एकटी गेले. ४१ मिनिटं. दोघींना ५५ लागतात.

१ मार्च, शुक्रवार

आज शेवटची तारीख. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चर्चच्या ऑफिसवरून गेले. त्या संगणकासमोर बसलेल्या दिसल्या. आत गेले नाही. काय म्हणणार होते?

३ मार्च, रविवार

बुधवारपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ, त्यामुळे आज कॉफीला साय भरलेले गोड पाव होते. पण ते नंतरचं.

त्या कागद न घेता व्यासपीठावर चढल्या. म्हणाल्या, "पहिल्याच महिन्यात ओड्डवार माझ्याकडे आला होता. तार तुटलीय, माझ्याच हातून तुटलीय, दुरुस्त करतो म्हणाला. मी एकोणतीस वर्षांची होते. मला तुमची इतकी भीती वाटायची! ऐकू न येणाऱ्यांपुढे बोलणं सोपं होतं. मीच त्याला म्हटलं, राहू दे. मग वर्षं गेली आणि सांगायची लाज वाटत गेली. कुणी उत्तर देत नाही म्हणून मी इथून जायला निघाले होते — आणि तुमचे कान मीच बंद ठेवले होते. शुक्रवारी अर्ज पाठवायचा होता. पाठवला नाही. आधी हे सांगायला हवं होतं."

आमच्याकडे बाकावरून कुणी कधी बोलत नाही. मागे ओड्डवार घंटेच्या दोरीपाशी उभा, नजर खाली.

तेव्हा बोर्गहिल्ड उठली. पाळकबाईंनी पुस्तक मिटलेलं नव्हतं, तरी उठली.

"ठाऊक आहे गं ते आम्हाला! ओड्डवारच्या पोटात काही राहतं का? पहिल्या दिवशी तुझ्या हातातला कागद असा थरथरत होता. आम्ही माना हलवल्या, तेव्हा कुठे थांबला. म्हणून हलवत राहिलो."

आणि खाली बसत म्हणाली, "हं. आता बोल."