हाड का झिजलं

चैताली,

मी वडिवळ्याला भावाकडं चाललेय. भात-आमटी झाकून ठेवलीय, दूध तापवलंय.

काल लोणावळ्यात दाताच्या डॉक्टरांना तू सगळ्या पेशंटांपुढं नको नको ते बोललीस. "जबड्यातल्या स्क्रूवर सहा आठवड्यांतच दात बसवायची घाई केलीत, म्हणून माझ्या सासूचं हाड झिजलं," म्हणालीस. ते बिचारे फोटो दाखवून सांगत व्हते, की स्क्रूला लेप असतो, हाड त्याला लवकर धरतं, फक्त तंबाखू नको. तू म्हणालीस, "आमच्या आईंनी मशेरी सोडून वर्ष झालं."

सोडली न्हाई गं. रोज पहाटे तू उठायच्या आत गोठ्यामागं जाऊन लावत व्हते. माझ्यासाठी आजवर कुणी एवढं भांडलं न्हवतं, म्हणून तितं माझं तोंडच उघडंना.

डॉक्टरांची माफी माग, माझं नाव सांगून. मशेरीचा डबा ह्या चिठ्ठीवरच ठेवलाय. त्यातली चिमूटभर पदराला बांधून नेतेय. आता तेवढं तरी तुझ्यापासून लपवत न्हाई.

आई