वेशीतलं ताट

२ फेब्रुवारी २०२५, रविवार
आली न्हाई!

घनसावंगीच्या फाट्यापासून उघड्या जीपमधून मिरवणूक. डीजे, हार, गुलाल, 'सेवापूर्ती सोहळा' म्हणून एवढा मोठा बॅनर. वेशीत पाच सवाष्णींनी ओवाळलं. लेकरांनी तर जीपला गराडाच घातल्ता. सगळं गाव आल्तं – माझी अर्पिता तेवढी न्हाई.

सतरा वर्षं फौजेत. शेवटची तीन लेहच्या वरच्या चौक्यांवर. वंदनाशी घटस्फोट झाला तवा पोरगी तीन वर्षांची होती, त्यानंतर भेट न्हाई. तिचा तवाचाच फोटो खिशात ठेवून दिवस काढले. एका दिवसासाठी लेकीला धाडलं असतं तर काय बिघडलं असतं?

धाकट्या कल्याणला विचारलं. म्हणला, दादा, मी सांगावा धाडल्ता, ती न्हाईच म्हणली.

३ फेब्रुवारी
जेवण गेलं न्हाई. माय म्हणती, कशाला जिवाला लावून घेतो, तिनं पोरीला पढवलं असंल.

९ फेब्रुवारी, रविवार
कोर्टानं महिन्यातला दुसरा अन् चौथा रविवार दिलाय. अंकुशनगरला गेल्तो. वंदना तिथं भावाजवळ राहती. पोरगी दाराआडून बाहेर येईना. दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. केवढी झाली! लेहहून लोकरीची टोपी आणली होती, ती घालून पाह्यली – डोक्यात शिरलीच न्हाई. मी आपली फोटोतल्या डोक्याच्या अंदाजानं घेतलेली.

अन् म्हणली काय – "काका, राहू द्या."

सख्ख्या बापाला काका! अंगाची आग झाली. वंदनाला म्हणलो, चांगलं शिकवलंस. ती म्हणली, "मी काही शिकवलं न्हाई. तिला वाटतं, तुम्हाला ती नको."

आणखी काहीतरी सांगायला लागली. मी ऐकून न घेता निघालो. धडधडीत खोटं बोलून राह्यली.

१४ फेब्रुवारी
वकिलाला फोन केला. आता पोरीचा ताबाच मागतो! वकील म्हणले, मिरवणुकीचा व्हिडिओ आणा, पोरगी कुठंच न्हाई हे दाखवता येईल. बराबर. व्हिडिओवाल्या आदिनाथला जल्दी दे म्हणून सांगितलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज जरा जवळ बसली. पेरूला मीठ-तिखट लावून दिलं, खाल्लं. मंग हळूच म्हणली, "एवढे हार गळ्यात जड न्हाई झाले का?"

कुणाच्या तरी मोबाईलवर पाह्यलं असंल. आईनं धाडलं असतं तर डोळ्यानं बघितलं असतं लेकरानं. मला लई वाईट वाटलं.

२५ फेब्रुवारी
दुपारी आदिनाथ पेन ड्राइव्ह देऊन गेला. माय, कल्याण अन् मी टीव्हीसमोर.

वेशीत, शाळेच्या भिंतीला लागून, वंदना उभी! पुढं अर्पिता. पिवळा परकर, हातात ओवाळायचं ताट. कल्याण जवळ जातो, काहीतरी बोलतो, दोघींना हातानं मागं सारतो.

मी टीव्ही बंद केला. कल्याण खाली मान घालून म्हणला, "सवाष्णींमधी सोडलेली बाई नको, असं मायच म्हणली होती."

माय उठून आत गेली.

तीन आठवडे! माझ्या शेजारी बसून जेवले, अन् रोज तिलाच नावं ठेवली. अन् मी मान डोलावत बसलो. वंदनाला काय काय बोललो मी. चौकीवर बोटं सुन्न झाली तवा माय-कल्याणचीबी आठवण काढून तग धरल्ता. आता दोघांचं तोंड बघू वाटत न्हाई.

२६ फेब्रुवारी
वकिलाला सांगितलं, काही करू नका.

सकाळी उरलेला व्हिडिओ एकट्यानंच पाह्यला. मागं सारल्यावरही अर्पिता सुटून पळत आली. पार जीपपाशी. ताट वर धरलं. मी वाकलो, सरळ तिच्या तोंडाकडं पाह्यलं, ताटात दहाची नोट टाकली. ओठ हललेले दिसतात. आवाज डीजेत बुडालाय – पण काय म्हणलो ते आठवलं मला.

"कुणाची गं पोरगी तू?"