निर्धोक भाषेतली पहिली लिफ्ट

४ मार्च
आजपासून जुनी भाषा बंद. म्हणजे माझ्यापुरती. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.
आमच्या कंपनीच्या लिफ्टचा सगळा प्रोग्राम बाबा आदमच्या काळच्या भाषेत आहे. ती भाषा कशालाच नाही म्हणत नाही. शेजाऱ्याच्या कपाटात हात घाला, घालू देते. भोगायचं नंतर. मी नवी भाषा करणार. सोपी, आणि जिच्यात चूक करताच येणार नाही अशी. नाव ठरलं: निर्धोक. म्हणजे अवघड भाग संपला.

५ मार्च
नियम पहिला: जरा शंका आली की निर्धोक थांबेल. नियम दुसरा: पळवाट नाही. कुणालाच नाही, मलाही नाही. नियम तिसरा उद्या.
घरी बायकोला सांगितलं. ही आमच्याच कंपनीत टेस्टिंगला आहे. नव्या प्रोग्रामवर लिफ्टची पहिली फेरी हीच मारते आणि मग सही करते. हिने विचारलं, दाराच्या सेन्सरकडून उत्तरच आलं नाही तर तुझी भाषा काय करेल? म्हटलं, थांबेल. तर म्हणे, लिफ्ट कुठे असताना?
टेस्टिंगवाल्यांना नाट लावायची सवयच असते.

११ मार्च
नियम तिसरा अजून सुचलेला नाही. लोगो मात्र सुरेख झालाय.

१८ मार्च
साहेबांना सांगितलं. जुना प्रोग्राम त्यांनी तरुणपणी स्वतः लिहिलेला, त्यामुळे चेहरा पडला. पण नवं गिऱ्हाईक हॉस्पिटल आहे आणि त्यांना 'सुरक्षित' हा शब्द फार आवडतो. साहेब म्हणाले, महिनाअखेर निर्धोकवर चालणारी लिफ्ट दाखव. चालली तर हॉस्पिटलच्या सगळ्या लिफ्ट तुझ्या. नाही चालली तर पुन्हा जुन्या भाषेला नावं ठेवायची नाहीत. मी हो म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो.

२३ मार्च
कंपायलर तयार. आपण लिहिलेलं तपासायचं आणि मशीनला समजेल असं करून द्यायचं, हे त्याचं काम. तो जुन्या भाषेत लिहावा लागला. तात्पुरता. हे कुणाला सांगायची गरज नाही.
निर्धोकने पहिला प्रोग्राम नाकारला. दुसराही. संध्याकाळपर्यंत एकही पास झाला नाही. काय ही शिस्त! आजवर आपण सगळे किती चुका करत होतो, हे कळलं.

२६ मार्च
लिफ्ट हलत नाही. जेवण जात नाही. साहेब टेबलाजवळून जाताना फक्त कॅलेंडरकडे बघतात. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

२६ मार्च, संध्याकाळी
उपाय सापडला. भाषेत एक शब्द घातला: 'मी बघतो'. हा लिहिला की त्या ठिकाणची तपासणी बंद. याला पळवाट म्हणता येणार नाही. हा शब्द फक्त अत्यंत जबाबदार माणसांसाठी आहे. सध्या तसा माणूस एकच आहे.

२८ मार्च
एका ठिकाणी 'मी बघतो' वापरलं. लिफ्ट हलली!
दुपारपर्यंत आणखी काही ठिकाणी.
हिने प्रोग्राम वाचायला मागितला. म्हटलं, नवऱ्यावर विश्वास नाही का? म्हणाली, विश्वास घरी, इथे प्रोग्राम दाखव. दाखवला नाही. जेवताना ही एवढंच म्हणाली, ठीक आहे, मग मी फेरी मारूनच बघते.

३० मार्च, सकाळी
आज डेमो. हॉस्पिटलची माणसं यायच्या आत टेस्ट टॉवरमध्ये, म्हणजे लिफ्ट तपासायच्या आमच्या मनोऱ्यात, हिची फेरी. मी खाली कंप्यूटरपाशी. कंप्यूटरपाशी कुणीतरी लागतंच.

तोच दिवस, दुपारी
हे अक्षर पुढे मला तरी लागेल की नाही कोण जाणे.
लिफ्ट छान निघाली. दुसरा मजला, तिसरा. चौथा यायच्या आत थांबली. दाराच्या सेन्सरकडून उत्तर आलं नव्हतं. निर्धोकला शंका आली आणि नियमाप्रमाणे ती थांबली. इथवर भाषेची काहीही चूक नाही, हे नोंदवून ठेवतो.
हिचा लिफ्टमधून फोन. दोन मजल्यांच्या मधे अडकलेय, पंखा बंद पडलाय, गुदमरतंय म्हणून दार हाताने थोडं सरकवलंय. आणि पॅनेलवर काहीतरी आलंय. ते तिने अगदी सपाट आवाजात वाचून दाखवलं: 'आपण न आलेले उत्तर वापरत आहात. कृपया शांतपणे पुन्हा विचार करा.' हा संदेश मी प्रोग्रामरसाठी लिहिला होता. सौम्यपणा हे निर्धोकचं वैशिष्ट्य.
दुरुस्ती एका ओळीची: उत्तराची वाट न बघता मजल्यापर्यंत जा. कंपायलर ती घेईना. उलटसुलट करून पाहिली, तरी घेईना. मागे साहेब, साहेबांच्या मागे हॉस्पिटलची माणसं. ही फोनवर विचारत होती, अजून किती वेळ? शेवटी मी त्या ओळीआधी 'मी बघतो' लिहिलं. लगेच घेतली.
लिफ्ट हलली. दार उघडं असताना हलली. त्या शब्दाने दाराची तपासणीसुद्धा बंद करून टाकली होती. ही फटीत हात घालून बाहेर चाचपत होती. फोनवर ओरडणं नाही, फक्त एकदम ओढलेला श्वास. मग काहीच नाही. मी तिला हाका मारत सुटलो. मुख्य स्विच साहेबांनी पाडला. तो समोरच्या भिंतीवर होता आणि मला दिसला नव्हता.
मेकॅनिकने वर जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट खाली आणली. दार उघडलं. हात शाबूत होता, मनगट सोलवटलं होतं. मी सगळ्यांसमोर रडलो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

३१ मार्च
शांत डोक्याने विचार केला. लिफ्ट पडली नाही. मनगट सोडलं तर कुणाला इजा नाही. म्हणजे भाषा सुरक्षितच ठरली. साहेबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, हॉस्पिटलला जुनाच प्रोग्राम जाणार आहे. त्याची साफसफाई माझ्याकडे.
हिने अर्थातच सही केली नाही. रिपोर्टात माझ्याविषयी वावगा शब्द नाही. त्याचंच जास्त लागलं.

६ एप्रिल
निर्धोक दोन सुरू. 'मी बघतो' काढून टाकलं. शंका आली की आता लिफ्ट सावकाश जवळच्या मजल्यावर जाईल आणि दार उघडेल. कल्पना माझीच. हिने फक्त आधी सांगितली होती.

१७ एप्रिल
साहेबांनी टेस्ट टॉवर एका दिवसापुरता दिला. रिकामी लिफ्ट सकाळपासून बिनतक्रार वरखाली. सेन्सरची वायर काढून पाहिली, तरी मजल्यावर जाऊन नीट थांबली. धावत हिच्याकडे गेलो. म्हटलं, आता तरी विश्वास ठेवशील? वाटलं, नाहीच म्हणेल. आपलं उत्तरही तयार ठेवलं होतं.
ती म्हणाली, ठेवते, चल. लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली, पट्टी बांधलेल्या हाताने दार धरून ठेवलं आणि म्हणाली, ये, दोघं जाऊ.
मी म्हटलं, चष्मा टेबलावर राहिला, घेऊन आलो.
टेबलापाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं, चष्मा नाकावरच आहे. मी तिथेच फाइली इकडच्या तिकडे करत राहिलो. ती थोडा वेळ थांबली. मग एकटीच वर गेली.